काढ्यातली गोळी

माझ्या नवऱ्याला मी आठ महिने न सांगता गोळी दिली. लिहायला हे वाक्य सोपं आहे. तोंडानं म्हणायला मला इतका उशीर झाला, की तेवढ्यात माझा भाऊ हातचा जायची वेळ आली.

हे प्लांटमध्ये क्रेन चालवतात. शॉपच्या छताखाली रुळांवर सरकणारी मोठी क्रेन, वर केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या पोलादानं काठोकाठ भरलेलं लॅडल इकडून तिकडे न्यायचं. लॅडल म्हणजे आमच्या क्वार्टरची पुढची खोली मावेल एवढी बादली. खाली माणसं काम करत असतात. वीस-बावीस वर्षं हे काम यांनी असं केलं, की घरी त्याबद्दल कधी दोन शब्दही बोलले नाहीत. मग एका फर्स्ट शिफ्टमध्ये लॅडल हवेत असताना यांचे हात थांबले. श्वास अडकला, छातीत कळ आली, आपण मेलो असंच वाटलं. दुसरा ऑपरेटर वर चढून येईपर्यंत ते लॅडल तसंच लटकून होतं. ईसीजी साफ निघाला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच झालं. नंतर केबिनकडे जाणारा जिना दिसला तरी यांना घाम फुटायचा. साहेबांनी खाली बसवलं, रजिस्टर लिहायला.

आम्ही दुर्गला एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो, कारण कंपनीच्या दवाखान्यात गेलं की मेडिकल बुकात नोंद होते, आणि डोक्याच्या गोळीची नोंद झाली की क्रेन गेली, असं यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत, ठरवून टाकतात. डॉक्टर म्हणाले, हे घाबरण्याचे झटके आहेत आणि त्यांच्याखाली उदासी साचलेली आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि पद्मनाभपुरच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ताही दिला. दोन्ही सोबत करा, म्हणाले.

घरी आल्यावर यांनी गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"हे खाऊन मी वरतं झोपून गेलो, त खाली किती लोक जातीन, माहीत हाये का तुले?"

बाईंकडे मात्र हे खुशीनं गेले. तिथे गोळी नव्हती, भीतीची रोज नोंद करायची वही होती.

पण वही हळू चालते. पहिल्या महिन्यात हे अर्धे झाले. जेवण सुटलं. सुट्टीच्या दिवशी कूलरमागच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एका दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर हे कठड्याला टेकून खाली बघत उभे होते. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत. म्हणाले, मी नसलो तर तुझं काही अडणार नाही. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, भाजी आणायची आठवण करावी तसं म्हणाले. मी बादली तिथेच टाकली, दंडाला धरून यांना खाली आणलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांशी मी खोटं बोलले. हे गोळी घेतात, पण ड्यूटीमुळे येऊ शकत नाहीत, असं सांगितलं. झोप येते का, हात थरथरतात का, सगळं त्यांनी नीट विचारलं आणि मी नीट उत्तरं दिली. आधी अर्धी, मग पूर्ण. गोळी कडू होती, म्हणून मी गुळवेलीचा काढा सुरू केला. आईच्या माहेरचा आहे, पित्तावर चांगला, असं सांगितलं. पोळपाटावर लाटण्यानं गोळीची पूड करायची, काढ्यात ढवळायची आणि यांच्यासमोर उभं राहून पेला रिकामा होईपर्यंत काहीतरी बोलत राहायचं. मी इतकी बोलकी कधीपासून झाले, असं यांनी एकदा चिडवलंही. मी हसले. चोर असाच हसत असेल.

दीड-दोन महिन्यांनी हे जेवायला लागले. बाईंनी भीतीला दहापैकी मार्क द्यायला सांगितले होते. जिन्याखाली उभं राहणं, चार पायऱ्या, दहा पायऱ्या, रिकाम्या केबिनमध्ये पाच मिनिटं. प्रत्येक पायरीवर घाबरणं उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. वहीत नऊचे सात झाले, सातचे चार. हे मेहनत करत होते, त्यात खोट नव्हती. सकाळी दात घासतानाही श्वास मोजायचे. एकदा बाईंनी माझ्यासमोर विचारलं, गोळी कोणती चालू आहे? यांनी छाती काढून सांगितलं, एकही नाही. बाई म्हणाल्या, असेल तर सांगा हं, त्यात वाईट काही नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले.

सहाव्या महिन्यात क्रेन परत मिळाली. यांनी पेढे आणले. आणि माझा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

खाली रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला गोळी देणं वेगळं आणि डोक्यावरून उकळतं पोलाद नेणाऱ्याला देणं वेगळं. त्यालाच ठाऊक नाही की त्याच्या रक्तात काय आहे. यांचंच वाक्य माझ्या कानात घुमायचं, खाली किती लोक जातील. सुस्ती नव्हती, डोळे साफ होते, मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तरी रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा आवाज गेला की मी गॅस बंद करून उभी राहायचे. संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबडं होतं, ते लहानपणापासून पाहत आलेली मी, आता पडदा ओढून घ्यायचे. गोळी बंद करावी, तर गच्ची आठवायची. सांगावं, तर यांनी कमावलेलं सगळं मी हिसकावून घेतल्यासारखं होणार. मग मी काय केलं? रोज पूड केली.

माझा धाकटा भाऊ आईवडिलांच्या माघारी बोरसीत त्यांच्या घरी एकटाच राहतो. रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे. त्याला उदासीचा आजार दोन वर्षांपासूनचा. तो मात्र उजळ माथ्यानं गोळ्या घ्यायचा, पाण्याबरोबर, आमच्यासमोर. पोळ्याला जेवायला आला, तेव्हा यांनी त्याला वही दाखवली. नव्यानं माळ घातलेल्या माणसासारखा यांचा उत्साह. म्हणाले, मी एक गोळी खाल्ली नाही, तूही सोड, मन आपलंच आहे, त्याला आपणच वळवायचं. भाऊ पानं उलटत होता आणि त्याच्या तोंडावर आशा होती. मी पुरणपोळी वाढत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि तूप वाढलं.

त्यानं त्याच आठवड्यात गोळ्या फेकल्या, एकदम, कोणालाही न विचारता. मला हे फोनवर कळलं. चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. तो म्हणाला, "भाऊजी म्हणतेत हे सहन केलं की उतरते. भाऊजीले जमलं, त मले कावून नाई जमणार?" पुढे फोन कमी झाले. ड्यूटीवर जाईनासा झाला. अकरा दिवस मी रोज सकाळी काढा ढवळताना ठरवायचे, की आज सांगायचं.

बाराव्या दिवशी त्यानं मला सुपेला बाजारात बोलावलं. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. गर्दीत उभ्या उभ्या त्यानं एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आईची सोन्याची पोत होती, घराचे कागद होते आणि लहानपणीचा आमचा दोघांचा फोटो.

"ताई, हे तुह्याजवळ राहू दे. माह्याकडं इधर-उधर होऊन जाईन."

आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा शांत दिसत होता. तीच शांतता मी गच्चीवर पाहिली होती. मी त्याला घरी चल म्हटलं, हाताला धरलं, तर हात सोडवून तो गर्दीत मिसळला.

घरी हे सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. मी पिशवी पलंगावर रिकामी केली आणि सगळं सांगितलं. आधी भावाचं, मग काढ्याचं. मला वाटलं ओरडतील, पेला भिंतीवर मारतील. यांनी बांधायला घेतलेली बुटाची नाडी सोडून दिली. मग विचारलं, "केबिनमंदी चढलो त्या दिवशीही देली होती?" मी हो म्हटलं. यांनी शॉपमध्ये फोन करून सांगितलं की आज येत नाही. आणि मला म्हणाले, "चाल बोरसीले."

यांनी स्कूटर काढली. सुपेल्याच्या गर्दीत, पुढे दुर्गच्या रस्त्यावर, मी यांच्या पाठीकडे बघत होते. हा माणूस उद्या वर चढेल का, आणि चढलाच तर कशाच्या जोरावर, हे मला कळत नव्हतं. वहीनं चढवलं की गोळीनं, ते तर आजही मला सांगता यायचं नाही. नंतर एकदा डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, एवढं वेगळं काढून दाखवता येत नाही. पण त्या वेळी मला फक्त एवढंच हवं होतं, की भावानं दार उघडावं.

दार नुसतं लोटलेलं होतं. घर झाडून पुसून लख्ख. भांडी पालथी घातलेली. भाऊ आतल्या खोलीत जमिनीवर बसला होता. आम्हाला पाहून त्याला आनंद झाला नाही, अडथळा आल्यासारखं वाटून त्यानं चेहरा फिरवला. हे त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"मी खोटं बोललो तुले," हे म्हणाले. "गोळी मीबी खातो. आठ महिने झाले."

मी दाराशी उभी होते. खोटं माझं होतं आणि यांनी ते आपल्या अंगावर घेतलं.

भावानं मान हलवली. "झूठ बोलून राहिले भाऊजी तुमी. मले वाचवासाठी. तुमची मार्कवाली कॉपी पाहिली मी. तुमी अपने दम पे चढले."

"चढलो. पण गोळी पोटात होती."

"मंग कोणती खाता? नाव सांगा."

यांना नाव माहीत नव्हतं. भाऊ टक लावून पाहत होता, आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्याकडे वळले. मी नाव सांगितलं. किती पॉवरची, किती वाजता, हेही सांगितलं. भाऊ ते नाव ओळखत होता, त्याचीही तीच होती. यांनी नाव एकदा चुकीचं म्हटलं, मग बरोबर. मग त्याच्यासमोरच मला विचारलं,

"आज देली का?"

"हो," मी म्हटलं.

यांनी मान डोलावली. "चाल आमच्यासंग," असं भावाला म्हणून हे उठले आणि त्याच्या चपला शोधायला बाहेर गेले.