बाईंचा शेवटचा हात

विद्यापीठाच्या कलाविभागात दर शनिवारी-रविवारी बाहेरच्या लोकांसाठी चित्रकलेचे वर्ग भरत. सकाळी पोरंटोरं, दुपारी मिसरूड फुटलेली मंडळी आणि त्यांच्या वयाच्या मुली, संध्याकाळी मोठी माणसं. तिन्ही वर्गांना बाई एकच, आणि त्या तिन्ही वर्गांना सारख्याच तुच्छ लेखत. त्या बाबतीत त्यांनी लहानमोठा असा भेदभाव कधी केला नाही.

पोरांना आयांनी आणून टाकलेलं असे, म्हणजे दोन तास घर शांत. मोठ्या मुलांना कॉलेजच्या अर्जात लिहायला एखादा छंद हवा असे. आणि मोठी माणसं! त्यांची तर गोष्टच नको. कुणाला डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलेलं, तर कुणाला निवृत्त झाल्यावर एकाएकी साक्षात्कार झालेला की आपण मुळात कलावंतच. महागडे ब्रश, कोरा करकरीत एप्रन, आणि वर्तुळ काढायला सांगितलं की बटाटा! बाई कपाळाला हात लावत. "डोळे आहेत की बटणं? समोर बघा! दिसतं ते काढा!"

समोर किटली असे. निळ्या इनॅमलची, तोटीपाशी टवका उडालेली. शेजारी दोन लिंबं, खाली चुरगळलेलं पांढरं कापड. बावीस वर्षं हीच किटली. लिंबं तेवढी बदलत. बाईंना ती इतकी पाठ झाली होती की तिच्याकडे बघायची गरजच उरली नव्हती. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी किटलीकडे पाठ करून बसत आणि विद्यार्थी आपापला कागद घेऊन रांगेत येत. बाई नाक मुरडत, ब्रश उचलत आणि चित्रावर 'शेवटचा हात' फिरवत. तोटी सरळ होई, पोटाला गोलाई येई, डावीकडे उजेडाचा पांढरा ठिपका चमके, उजवीकडे जांभळट सावली पडे. दोन मिनिटांत काम फत्ते. विद्यार्थी ते घरी नेई, भिंतीवर टांगे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "मी काढलंय." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी जमात सगळी!

बाईंच्या लेखी हे उपकार होते, आणि स्वतःच्या लेकीवरही त्यांनी ते केले होते. लेक नऊ वर्षांची असताना तिनं एक मांजर काढलं. बाईंनी त्यावर शेवटचा हात फिरवला आणि मांजराला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर लेकीनं ब्रश म्हणून हातात धरला नाही. आता ती एका दातांच्या दवाखान्यात काम करते. "तिला आवडच नव्हती," असं बाई सांगत.

या वर्षी मात्र बाईंचा जीव टांगणीला लागला होता. बावीस वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर जूनमध्ये नवं पत्र. विभागात काल आलेली माणसं कायम होऊन खुर्च्यांवर रेलली, आणि ह्या अजून दारातच. आता नवे विभागप्रमुख आले होते आणि त्यांनी ठरवलं होतं, की या वर्गांना एक कायमचा माणूस नेमायचा. एक तर बाई, नाहीतर विभागातला तो तरुण शिक्षक, जो बाईंच्या मते पोरांना नुसता रंगांचा चिखल करायला शिकवी. वार्षिक प्रदर्शन पाहून निर्णय होणार होता.

त्यात इमारतीची दुरुस्ती निघाली आणि वर्षाच्या सुरुवातीलाच वर्ग वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत हलवला गेला. बाईंनी नव्या खोलीला नावं ठेवायची बाकी ठेवली नाहीत. नळ गळतो, फरशी कलती आहे, दार कुरकुरतं. खिडकीबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

बोलले ते टेलरमामा. संध्याकाळच्या वर्गात एक निवृत्त शिंपी येत, त्यांना सगळे टेलरमामा म्हणत. बाईंचा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर. कारण हा माणूस रांगेत येतच नसे. बाई आपण होऊन ब्रश घेऊन गेल्या, की कागदावर हात आडवा धरून म्हणे, "नको बाई, राहू द्या." आणि राहू द्यायचं ते काय? कुणी वर बसून उठल्यासारखी चेपलेली किटली! तिसऱ्याच आठवड्यात मामांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, सावली इकडे पडतेय ना?"

"मामा," बाई म्हणाल्या, "तुम्ही बटणं लावा." वर्ग खो खो हसला. मामांनी पुन्हा ब्र काढला नाही.

प्रदर्शन वर्गाच्याच खोलीत मांडलं. चित्रं टांगून झाल्यावर बाईंना एक कल्पना सुचली. किटलीचं टेबल हलवायचं नाही, खिडकीजवळ आहे तस्संच ठेवायचं. तो तरुण शिक्षक फोटोंवरून शिकवतो आणि आमची मुलं प्रत्यक्ष वस्तू बघून काढतात, हे प्रमुखांना नीट दिसलं पाहिजे. साठ चित्रं लागली. एकसष्टावं मामांचं, ते बाईंनी दाराच्या मागे लावलं.

आईबाप लोटले. आपल्या पोराच्या चित्रासमोर पोराला उभं करून फोटो, मग लगेच दार. एकानं दुसऱ्याचं चित्र बघितलं असेल तर शपथ. संध्याकाळच्या वर्गातली मंडळी मान तिरकी करून एकमेकांना "काय प्रकाश आहे!" म्हणत होती. लेकही दवाखान्यातून सुटून आली. भिंतीवरून एकदा नजर फिरवून म्हणाली, "आई, सगळी तूच काढलीस की गं." बाईंना मनातून बरं वाटलं. लेक हसत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

प्रमुख आले. ते कमी बोलणारे होते. भिंतीजवळून सावकाश चालत गेले, परत आले आणि किटलीपाशी थांबले. किटलीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा किटलीकडे.

"तुम्ही वर्षभर याच खोलीत आहात?"

"हो ना! वरची खोली काय सुंदर होती. इथे सगळीच गैरसोय."

"वर खिडकी कुठल्या बाजूला होती?"

"डावी—" बाई बोलता बोलता थांबल्या.

दुपारचं ऊन उजवीकडच्या खिडकीतून आत येत होतं. किटलीच्या उजव्या पोटावर ते चमकत होतं आणि सावली डावीकडे, लिंबांवर, पडली होती. लहान पोरालासुद्धा दिसावी इतकी गडद. आणि भिंतीवर साठ किटल्या, साठांच्या डावीकडे ठिपका, साठांच्या उजवीकडे सावली. वर्षभर एकशेवीस डोळे खिडकीसमोर बसले होते आणि बाईंनी सांगितलं म्हणून उजेड उलटा मानत होते. मेंढरं नुसती! पण मेंढरांना हाकणारं कोण होतं, हेही आता भिंतीवर साठ वेळा लिहिलेलं होतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रमुख दाराकडे निघाले. दार ओढून घेताना त्यांना मामांचं चित्र दिसलं. किटली चेपलेली, लिंबं अंड्यांसारखी, पण सावली डावीकडे. ते तिथे बराच वेळ उभे राहिले.

"हे कुणाचं?"

"एक शिंपी आहेत," बाई म्हणाल्या.

"कळवतो," एवढंच बोलून प्रमुख गेले. अशा 'कळवतो'चा अर्थ काय होतो, हे बावीस वर्षं तात्पुरत्या असलेल्या बाईंना कुणी सांगायला नको होतं.

खोली रिकामी झाली. बाईंनी एक स्टूल ओढलं आणि त्या किटलीसमोर बसल्या. कागद घेतला, पेन्सिल घेतली. किटली काढायला त्यांना पाऊण तास लागला. टवका तोटीच्या वर नसून खाली आहे, हेही त्यांना आजच कळलं. हात सारखा सवयीनं उजवीकडे सावली द्यायला धावे आणि त्या त्याला मागे ओढत. तोटी वाकडी झाली, झाकण घसरलं. वर्गातल्या कुणी असलं काही आणलं असतं तर बाईंनी त्याची पार रेवडी उडवली असती.

टेलरमामा आपलं चित्र न्यायला आले. ते कापडात गुंडाळता गुंडाळता बाईंच्या मागे येऊन उभे राहिले.

"बाई, तोटी जरा वर चढलीय. द्या, दाखवू का?" आणि त्यांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

बाईंनी झटकन कागदावर तळवा आडवा धरला.

"नको मामा," त्या म्हणाल्या, "राहू द्या."