स्टोअरकाकांची इंग्रजी ओळख

पंपांच्या कारखान्यात स्टोअरकाकांवाचून पान हलत नसे. कुठला वायसर, कुठलं सील कोणत्या फळीवर, कोणत्या डब्यात, हे सव्वीस वर्षं फक्त त्यांच्या डोक्यात होतं. डब्यावर चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही. कुणी विचारलंच तर "मी आहे ना," एवढंच म्हणत.

कारखाना नव्या मालकांकडे गेला आणि फर्मान निघालं: प्रत्येकानं साहेबांसमोर इंग्रजीत आपली ओळख करून द्यायची, आपलं काम सांगायचं. ज्याला जमणार नाही त्याला नारळ, असं फोरमननं पसरवलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं महिनाभर रोज संध्याकाळी बापाला समोर बसवलं. नाव झालं, हुद्दा झाला, 'आय लुक आफ्टर द स्टोअर' झालं आणि काका उठायला लागले.

"बाबा, असं मोघम नको. अनोळखी माणसालाही तुमचं काम करता येईल, इतकं स्पष्ट सांगा."

मग काकांनी फळी न् फळी सांगितली, तिनं ती इंग्रजीत लिहिली, त्यांनी घोकली. अठरा पानं झाली. लग्न ठरताना या माणसाच्या तोंडून दोन वाक्यं निघाली नव्हती, असं काकू आतून म्हणाल्या. त्या घरात इतकं हसणं फार दिवसांनी झालं.

साहेबांसमोर काका पाऊण तास बोलले. साहेबांनी सगळं संगणकात टिपून घ्यायला लावलं, कागदही मागून घेतले, उठून हात मिळवला. काका तरंगतच बाहेर आले. फोरमन दोन वाक्यांतच अडखळला होता. काकांनीच त्याला धीर दिला.

पंधरा दिवसांत डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. आता डबा शोधायला कुणीही चालणार होतं. सोमवारी काकांच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडलं. फोरमन मात्र राहिला, कारण तो नेमकं काय करतो हे साहेबांना कळलंच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या भल्या माणसानं ती लेकीच्या कौतुकापायी उघडली.

लेकीनं पत्र दोनदा वाचलं. "बाबा, कुठे चुकलं आपलं?"

"कुठंच नाही गं. तू सांगितलंस तसंच बोललो. सगळं समजलं त्यांना."

तिला आपलंच वाक्य आठवलं आणि ती मटकन खाली बसली. काका तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.