फ्रीजरमधलं डिझेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगता सांगता माझं डोकं पुन्हा तापणार आहे. मूर्खपणा सगळा माझाच होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून काय राग जातो का? उलट जास्तच येतो.

स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर मी एक ट्रक घेतला. भिलाईत रिटायर माणूस एकतर ट्रक घेतो, नाहीतर डॉक्टरांना गुडघे दाखवत फिरतो. माझे गुडघे ठणठणीत होते.

ऐन थंडीत काश्मीरला लोखंडी सळ्या पोचवायचं भाडं मिळालं. ड्रायव्हर मनहरणला मी बजावलं, "दोन्ही टाक्या इथूनच काठोकाठ भर. रस्त्यात कोणाचंच डिझेल घ्यायचं नाही. पहाडातले लोक काय मिसळतात, देव जाणे." इथून म्हणजे भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या श्रावणरावांच्या पंपावरून. श्रावणराव आमचे होणारे व्याही. त्यांच्या मुलाशी आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं होतं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं होतं. घरचा पंप असताना परक्याचं डिझेल कशाला घालायचं, सांगा?

आणि एके सकाळी मनहरणचा फोन. "साहब, गाड़ी बंद हो गई. डीजल जम गया है."

पाठोपाठ फोटो आला. टाकीच्या तोंडाशी वनस्पती तुपासारखं पांढरट, घट्ट काहीतरी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बायको मागून "नाश्ता तं करून जा" म्हणत होती. वैशाली नगरच्या घरून पावर हाउसच्या पंपावर मी स्कूटरने कसा गेलो, मला आठवत नाही.

"डिझेलात काय मिसळून राहिले तुमी?" स्कूटर उभी करायच्या आतच मी ओरडलो.

श्रावणराव शांत माणूस. शांत माणसाचा मला मुळातच राग येतो.

"बसा भाऊ. चहा घ्या. कडक थंडीत डिझेलातलं मेण..."

"मेण?"

"हो ना. मेण असतेच त्याच्यात. थंडी पडली का मंग ते..."

"असतेच? आइका रे सगळे! मेण असतेच म्हणून राहिले हे!"

रांगेतल्या ऑटोवाल्यांना मी साक्षीला धरलं. त्यातल्या एकाने गुपचूप ऑटो वळवली आणि समोरच्या पंपावर नेली. मी म्हटलं, "बरोबर करते तो. समोरचं डिझेल पाहा, कसं शुद्ध असते." श्रावणराव बिचारे आणखी काहीतरी सांगत होते, पहाड चढायच्या आधी तिथल्या पंपावर थंडीचं डिझेल भरतात, ते गोठत नाही, असं काहीसं. मी कशाला ऐकतो? मला कबुलीजबाब मिळाला होता.

घरी येऊन जाहीर केलं, "साक्षगंध रद्द. मेण विकणाऱ्याच्या घरी पोरगी द्याची नाही."

पल्लवीचे डोळे भरून आले. "बाबा, माझं लग्न पोराशी होऊन राहिलं का पंपाशी?" एवढंच बोलली आणि न जेवता आत गेली. तिचं ताट मीच झाकून ठेवलं. पण माघार घेतली तर एवढा राग ठेवायचा कुठे?

बायको भांडी घासता घासता म्हणाली, "खोबरेल तेल थंडीत जमते. कावून नाही भांडत मंग किराणावाल्याशी?"

"तू मधात बोलू नको," मी म्हटलं. शहाणपण घरात असलं की ते आपल्याला दिसत नाही.

मी मनहरणला त्या डिझेलची बाटली पाठवायला सांगितली होती. भिलाईच्याच एका ट्रकवाल्याच्या हाती ती आली. समाजातली दोन वडीलधारी माणसं पंच म्हणून बोलवायची, असं मी ठरवलं होतं. बाटली पाहिली तर आत पिवळंधमक, पाण्यासारखं पातळ डिझेल. आणणाऱ्यावर चिडलो, "रस्त्यात बदललं ना तू?" तो हात जोडून पळाला.

मग डोकं चालवलं. एकदा जमलं ते पुन्हा जमेलच! बायकोने सोलून ठेवलेले मटार बाहेर काढले आणि बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. ते गोठवायला फ्रीजर कावून लागून राहिला, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

सकाळीच पंच आले. माझा फ्रीजरचा निरोप मिळाल्यामुळे श्रावणरावही मोहन नगरच्या घरून आले, तेही हातात एक बाटली घेऊन.

"ही पण ठेवा त्याच्या बाजूले."

"कोणाची?"

"तुमी ज्याची तारीफ केली, त्या समोरच्या पंपाची."

दुपारपर्यंत आम्ही सगळे हॉलमध्ये बसून होतो. फ्रीजला डिझेलचा वास सुटला होता आणि पल्लवी दाराआड उभी होती. मी छाती पुढे काढून दोन्ही बाटल्या आणल्या. दोन्ही पांढऱ्याफटक. उलट्या करून पाहिल्या, थेंब पडला नाही.

"म्हणजे... तो पण मिसळते?" माझाच आवाज मला बारीक वाटला.

श्रावणराव म्हणाले, "कोणी नाही मिसळत, भाऊ. इथलं डिझेल इथल्या हवेसाठी. पहाडात चढाच्या आधी तिथलं थंडीचं भरा लागते. आन तेच तं तुमी ड्रायव्हरले भरू नाही देलं."

म्हणजे माझा ट्रक माझ्याच हुकमाने बंद पडला होता. मनहरणने तो हुकूम मोडला, तिथलं डिझेल घातलं, म्हणून गाडी सुरू झाली, हे नंतर त्याच्याकडूनच कळलं. पंचांपैकी एकाने खोकला काढला, तो खोकला नव्हता. सगळ्या जगावर काढलेला राग परत माझ्याकडे आला आणि त्याला बसायला जागा कमी पडली.

श्रावणराव माझ्या बायकोकडे वळले. "वैनी, साक्षगंध ठरल्या दिवशीच करू. पल्लवी आमचीच पोरगी हाये. फक्त एक सांगा, भाऊ प्लांटात कोणत्या कामावर होते?"

मी घाईघाईने म्हटलं, "जुनं कायले काढता? चहा घ्या ना..."

पण बायको बोलून मोकळी झाली होती.

"फर्नेस ऑइलच्या टाकीवर. थंडीत तेल घट्ट होऊ नये म्हणून सारी नोकरी वाफ देत बसले."