वज्रासनातले जावई

आमच्या सासरी, आर्वीला, माझ्या साडूंचं ऐकतात. माझं ऐकून घेतात.

साडू म्हणजे विलासराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार पुलगाव, उंची सहा फूट आणि आवाज असा की नुसतं 'पाणी द्या' म्हणाले तरी समोरचा उठून उभा राहतो. बारा वर्षांपूर्वी धाकटा जावई म्हणून मी त्या घरात पाऊल ठेवलं, तेव्हापासून बघतोय. त्यांनी म्हणावं, चहात साखर नको. दुसऱ्या दिवसापासून अख्खं घर तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पितं. त्यांनी म्हणावं, कूलर या खिडकीत चुकला. लगेच माझा साळा पंकज दोन माणसं बोलावून कूलर हलवतो. अहो, तो कूलर त्या खिडकीत चुकलाय हे मी तीन उन्हाळे सांगत होतो! तेव्हा सासरे म्हणाले होते, "पाहू न जवाईबापू, पाहू." असो. मला काही जळायचा स्वभाव नाही. (आहे. बायको हे वाचणार, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.)

यंदा अधिक महिन्यात दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं आणि मी जिद्दीनं गेलो. कारण पंकजचं लग्न जमत आलं होतं. मुलीकडची मंडळी त्याच दुपारी सिंदीहून येणार होती. अधिक महिन्यात सोयरिकीचं बोलत नाहीत, म्हणून नुसती 'सहज, चहाले'. पण पुढे बोलणी करायला आमच्या बाजूनं कोणाला बसवायचं, ते सासरे आजच ठरवणार होते. आजवर त्या घरानं मला फक्त पत्रिका वाटायला पुढे केलं होतं. या वेळी तो मान मला हवा होता. सरळ सांगतो, भयंकर हवा होता.

आमचे पाय धुतले, औक्षण झालं, दोघांच्या पुढ्यात तेहतीस-तेहतीस अनारशांची ताटं आली. (मी मोजले. माझे तेहतीस बरोबर होते, पण एक मोडका. त्यांच्यात एकही मोडका नव्हता!) मग पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. मी सहा खाल्ले, कारण विलासरावांनी पाच खाल्ले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, डोळे मिटायला लागले होते आणि मी भिंतीकडेची जागा हेरून आडवा होणार, एवढ्यात विलासराव म्हणाले,

"जेवल्यावर आडवं होऊ नये जी. पाच मिनिटं वज्रासनात बसावं. मी रोज बसतो."

झालं! सासऱ्यांनी तिथेच सतरंजीवर गुडघे मोडले आणि टाचांवर बसले. सासूबाई बसल्या. पंकज बसला, दोघी बहिणी बसल्या. मी? मीही बसलो. सासरे बघत होते ना!

पाच मिनिटं झाली. कोणी उठेना. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि पायही गेले. हळूच डोळे किलकिले करून पाहिलं, तर सगळ्यांचे चेहरे शांत! ज्या सासूबाई एरवी उंबरा ओलांडताना 'अगं माय' म्हणतात, त्याही शांत! शेजारी बायको होती. मी कुजबुजलो,

"दुखत नाई का तुले?"

"तुम्हाले दुखते काय?"

"छे!"

"मंग मलेही नाई."

बारा मिनिटं. विलासराव जागचे हलत नव्हते. मी मनाशी ठरवलं, आज पाय तुटले तरी चालतील, पण हा माणूस उठल्याशिवाय आपण उठायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच सिंदीची मंडळी दारात उभी राहिली. मुलीचे आईवडील, मामा आणि आजोबा. समोर सात माणसं गुडघे मोडून ओळीनं बसलेली आणि स्वागताला एकही उठत नाही! उठणार कशानं? कमरेखाली कोणाकडे काही शिल्लकच नव्हतं. सासऱ्यांनी बसल्या जागेवरूनच हात जोडले. "या न जी, या. बसा."

मुलीच्या वडिलांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि सतरंजीवर येऊन गुडघे मोडून बसले. मागोमाग मुलीची आई बसली. मामा बसला. आजोबांनी तेवढं विचारलं, "काऊन असं?"

"इथं असंच बसतेत वाटते," मामा कुजबुजला. "बसा न गुमान!"

आजोबाही बसले!

आता अकरा माणसं. चहाला आलेल्यांना चहा आणून द्यायला कोणी नाही. मुलीचे वडील कपाळ पुसत हसले. सासरे हसले. पुन्हा मुलीचे वडील हसले. एवढ्यात माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी "मेलो! मेलो!" असं ओरडत उठायला गेलो आणि पाय नसल्यामुळे थेट विलासरावांच्या तेहतीस अनारशांवर आडवा झालो. (दुःखात तेवढंच सुख.)

मला वाटलं, संपलं. आता पत्रिकाही वाटायला देणार नाहीत.

"बरं झालं बाप्पा!" आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, इथं कोणी हलते का नाई!"

मग काय, सगळेच भराभर लवंडले. सासूबाई पाय चोळत म्हणाल्या, "माये पाय त केव्हाचेच गेले होते."

"मंग उठली काऊन नाई?" सासरे म्हणाले.

"तुम्ही सारे बसून राह्यले न!"

जो तो हेच सांगत होता. बसलेले राहिले होते एकटे विलासराव. सासरे कौतुकानं म्हणाले, "पाहा, याले म्हणतेत सवय!"

"मामाजी, मले उठवा," विलासराव सासऱ्यांना बारीक आवाजात म्हणाले. "गुडघा धरला. पाच मिनिटांतच उठणार होतो, पण तुम्ही सारे इतक्या भक्तीनं बसले, मलेच लाज वाटली."

बारा वर्षांत त्यांचं इतकं गोड बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी आणि पंकजनं त्यांना होते तसेच, घडीसकट, उचललं आणि खाटेवर ठेवलं.

एकदाचा चहा झाला. कप खाली ठेवून आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "आमची बोलणी होतीन त या पडलेल्या जवायासंगं. दुखलं त दुखलं म्हणते. मानूस खरा आहे."

सासऱ्यांनी मान डोलावली. "हो जी. आमच्याकडून हेच बसतीन."

माझे कान गरम झाले! सदऱ्याला चिकटलेले अनारशांचे तुकडे झटकले, खुर्ची पुढे ओढली, खाकरलो. मुलीच्या वडिलांनी अधिक महिना विसरून अगदी सहज विचारलं,

"मंग लग्न कुठं करायचं जी? सिंदीले का आर्वीले?"

अख्खी खोली माझ्याकडे बघत होती. सासरे बघत होते, पंकज बघत होता. बायको तर अशी बघत होती की आमच्या लग्नातही तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मी म्हणेन तेच होणार होतं.

मी तोंड उघडलं. माझी मान आपोआप खाटेकडे वळली, आणि मी म्हणालो,

"भाऊजी, तुम्हाले काय वाटते?"