न दिसणारी अक्षरं

वाळवीने अल्बम खाल्ले तेव्हा मामांनी उरलेसुरले फोटो संगणकात घेऊन कुलूपबंद केले. कुलूप म्हणजे मीच लिहून दिलेली छोटी स्क्रिप्ट, चार ओळींचा प्रोग्राम. पासवर्ड मामांनी स्वतः ठरवला; त्याच्याशिवाय फोटो मलाही उघडता येत नाहीत. काळ्या पडद्यावर ती पासवर्ड मागते, पण टाइप केलेलं काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. मामांना तेच फार आवडलं होतं.

मामा गेले. वर्ष होत आलं तेव्हा मामींनी मला गावी, लिंबागणेशला बोलावून घेतलं. मामांचा तरुणपणचा चेहरा आता नीट आठवत नाही, म्हणाल्या. मी संगणकासमोर बसलो. मामांचं नाव, गाव, शेताचा गट नंबर, सुचेल ते टाकून पाहिलं. कुलूप ढिम्म.

"मला म्हाईत हाय," मामी हळूच म्हणाल्या. "त्यांला मी एका नावानं हाक मारायची. कुणी नसताना."

"मग सांगा की."

"तुला कसं सांगू?"

चारचौघांत जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई. मी खुर्ची त्यांना दिली. मोबाइलवर नातवंडांना इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप पाठवायची त्यांना सवय होतीच. पण इथे अक्षर दाबलं की पडदा कोरा. घेतलं नाही असं समजून त्या तेच पुन्हा दाबायच्या आणि स्क्रिप्ट नकार द्यायची. मला माझ्याच कामाचा राग आला. अक्षरं लपवणारी ओळ मी बदलून टाकली.

"आता दिसंल बघा. मी बाहेर जातो."

मामींनी हात मागे घेतला. "तू गेला तरी ते तिथं दिसंलच की. ते नाव असं उघड्यावर नको, बाबा. पहिल्यावानी कर."

ओळ पहिल्यासारखी केली. "एकेकदाच दाबा. दिसलं न्हाई तरी आत जातंय," असं बजावून मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून कळांचा आवाज सावकाश येत होता. मग हाक आली.

पडद्यावर आष्टीच्या बाजारात सायकल धरून हसणारे मामा होते, मिसरूडही धड न फुटलेले. मामी बराच वेळ बघत राहिल्या.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"कावून? अजून लई हायेत."

"बगू मागून. पुन्यांदा इचारू दे त्या मशिनीला. वरीस झालं, त्यांला हाक मारली न्हाई."

मी फोटो बंद केला, स्क्रिप्ट पुन्हा चालू केली आणि बाहेर जाऊन बसलो.