सुलेमान चाचांचा खांदा

सुलेमान चाचांना एक शब्द फार आवडायचा, आणि आवडता शब्द दुसऱ्याच्या गळ्यात मारायची त्यांना वाईट खोड होती. तो शब्द 'हमल'. आमच्या गावच्या मशिदीत ते मुलांना अरबी शिकवायचे. मुलं पळाली की उरलेला धडा माझ्या वाट्याला यायचा. आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि मी साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आलो की ते ओट्यावर वाट बघत बसलेलेच असायचे.

"मिलिंदा, ऐक रं." की झालं सुरू. पोटातलं मूल म्हणजे हमल. पाठीवरचं ओझं म्हणजे हिमल. अक्षरं तीच, फक्त उच्चार जरा फिरला. मग झाडावरचं फळ कशात धरायचं? ते झाडाच्या पोटातलं की पाठीवरचं? यावर म्हणे जुने पंडित हिरिरीनं भांडले होते. पाण्यानं भरलेला ढगसुद्धा हमल वाहतो. दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेणं, राग गिळणं, सोसणं, सगळं त्याच शब्दाच्या घरातलं. "आनि तुमचा स्टेशनवरचा हमाल, तोबी तितलाच."

आतून रहिमा चाची ओरडायच्या, "हे शब्द उचलतात आनि गॅसची टाकी मी!"

त्यात खोटं काही नव्हतं. चाचांचा एक गुडघा गेलेला, कंबरेला कायम पट्टा. डॉक्टरांनी भरली बादलीही उचलायला मनाई केली होती आणि चाचींनी ती मनाई त्यांच्यापेक्षा जास्त मनावर घेतली होती. बाजारातून आले की दारातच हातातली पिशवी हिसकावून घ्यायच्या. मुलगा झुहेब कुवेतला. घरात ही दोघंच, दिवसभर एकमेकांवर खेकसायची आणि एकमेकांशिवाय चहा घ्यायची नाहीत.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत चाची दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. झुहेबला इतक्या लवकर येणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आत बायका चाचींना आंघोळ घालत होत्या तेव्हा चाचा ओट्यावर माझ्याजवळ आले. "पोरगा नाय हाय. म्हंजे घरचा खांदा माझाच. आयुष्यभर तिनं मला काय उचलू दिलं नाय. आज तिला मी उचलनार. कंबर मोडली तर मोडू दे."

माणसं खूप जमली. कर्जतहून, खालापूरहून आली. निम्मी तरी चाचांच्या हाताखाली शिकलेली. मशिदीतला जनाजा, म्हणजे मयत न्यायची ती चार दांड्यांची लोखंडी खाट, अंगणातून उचलली तेव्हा चाचा पुढं सरसावले. लगेच तिघाचौघांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. "चाचा, तुमी राहू द्या. आमी हाय ना."

त्यांची रीत अशी, की खांदा द्यायचा, थोडं चालायचं आणि मागच्याला जागा करून द्यायची. खांदा देणं पुण्याचं, त्यामुळं जो तो पुढं घुसतो. शिवाय जनाजा रेंगाळत न्यायचा नाही, पावलं झपाझप टाकायची. हे सगळं त्या पोरांना शिकवलं होतं कुणी? चाचांनीच. पोरं धडा विसरली नव्हती.

मी चाचांचा दंड धरून मागून चालत होतो. ते गुडघा ओढत होते आणि जनाजा पुढं पुढं चालला होता. "थांबा रं जरा!" मी ओरडलो. पुढून कुणीतरी मान वळवली आणि म्हणालं, "चाचांना टेंपोत बसवा ना." मला इतका संताप आला, की शिवीच तोंडात आली होती. पण शिवी द्यायची कुणाला? जो तो प्रेमानंच वागत होता. एवढ्या आपल्या माणसांत चाचांइतकं एकटं तिथं कुणी नव्हतं.

आम्ही मोठा रस्ता ओलांडून कब्रस्तानात पोचलो तेव्हा जनाजा खाली टेकला होता. कबरीत चाचींचे भाचे उतरले. चाचांनी सगळ्यांसारखी माती दिली आणि मातीचे हात तसेच पुढं धरून उभे राहिले.

लोक पांगले. रिकामा जनाजा मशिदीत पोचवायचा म्हणून गावातल्या टेंपोवाल्या काळूरामनं टेंपो मागं घेतला. चाचांनी जनाज्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"टेंपोत नको."

"अवो चाचा, रिकामा हाय," काळूराम म्हणाला.

"मला ठावं हाय."

पुढचा एक दांडा त्यांनी खांद्यावर घेतला. दुसरा एका भाच्यानं धरला, मागचे दोन काळूरामनं आणि मी. कुणीतरी धावत येऊन चाचांचा दांडा घ्यायला हात पुढं केला. चाचांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो मागं सरला.

मोठ्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. आम्ही ओलांडू लागलो, तशी भाच्याची पावलं सवयीनं भराभर पडायला लागली आणि जनाजा हेलकावला.

"सावकाश रं," चाचा म्हणाले. "तिला धक्का लागंल."

आम्ही पावलं हळू केली.