गोरं करणारी पेन्सिल

मी माझ्या आठ वर्षांच्या पोरीला पाटीवरची पेन्सिल खाऊ घातली. पोरं चोरून खातात तशी नव्हे. अमळनेरच्या बाजारातून अख्खी पेटी आणून, फडताळात ठेवून, माझ्या हातानं. नातवंडं विचारतात, आजी, तू शाळेत गेली होतीस ना? गेले होते की. सातवी पास आहे. म्हणून तर जास्त लाज वाटते.

सगळं सुरू झालं धाकट्या जावेच्या पोरीवरून. आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत, दोघींच्या पोरी एकाच वर्गात. माझी रंगानं कळण्याच्या भाकरीसारखी. ज्वारीत काळे उडीद घालून दळलं की जो रंग येतो, तो. जावेची मात्र दिवसेंदिवस गोरी होत चाललेली. सासूबाई तिला जवळ बसवून आल्यागेल्याला दाखवायच्या, 'मडम शे आमनी.' माझीला हाक मारायच्या ती काटक्या आणायला. माझ्या पोटात असा विस्तव पेटायचा, की त्यावर भरताची चार वांगी सहज भाजून निघाली असती.

जाऊ पोरीला चारते तरी काय, ते शोधायचं मी ठरवलं. भिंतीतली एक खुंटी निघून भोक पडलं होतं. स्वयंपाक सोडून मी त्याला डोळा लावून उभी. दिसलं ते असं, की पोर भाकरीला तोंड लावत नाही, चहात टोस्ट बुडवून खाते, आणि आई पाठमोरी झाली की दप्तरातून पेन्सिल काढून कुडुमकुडुम चावते. झालं, मला गुपित सापडलं. पांढरं आत गेलं की पांढरं बाहेर येणार. जावेला यातलं काही ठाऊकच नसेल, हे माझ्या सातवी पास डोक्यात आलं नाही. मी धरून चालले, की ही मुद्दाम लपवते आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कळणा बंद. काळं खाल्लं की काळं होणार, म्हणून. पोरीला साखरभात, चहा-टोस्ट आणि शाळेतून आली की अर्धी पेन्सिल. आधी तिनं थुंकून टाकली, मग चटक लागली. मागून खायला लागली. चार महिन्यांत खरंच उजळली. मी मुद्दाम जावेच्या दारासमोर बसवून तिची वेणी घालायचे.

मग एका सकाळी शाळेच्या कवायतीत जावेची पोर उभ्याउभ्या कोसळली. आम्ही धावलो. उपकेंद्रातल्या नर्सबाई आल्या, त्यांनी पोरीची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. ही गोरी नाही, हिच्या अंगात रक्त नाही, असं त्या म्हणाल्या. जावेनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. आणि माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं, मडम उतरली एकदाची. ते सुख दहा मिनिटं टिकलं. नर्सबाईंनी वर्गाची रांग लावली आणि माझ्या पोरीची पापणीही तशीच निघाली. माती खातेस का, पेन्सिल खातेस का, त्यांनी विचारलं.

"आई देते," पोर म्हणाली.

जमलेल्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. दोघी पोरींना जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. जेवणासोबत चहा बंद, पालेभाजी रोज, वर लिंबू. आणि वर नर्सबाई मलाच सांगतात, घरात कळण्याची भाकरी करत जा, चांगली असते.

त्या संध्याकाळी मी जावेच्या ओट्यावर गेले. ती अंबाडी निवडत होती. भिंतीतलं भोक, पेन्सिल, सगळं सांगितलं. तुझी पोर काय खाते हे मला चार महिने ठाऊक होतं आणि मी तुला बोलले नाही, हेही सांगितलं. वाटलं, आता अंबाडीची जुडी तोंडावर बसणार. ती खाली मान घालून देठ खुडत राहिली. खुडताखुडताच म्हणाली,

"आक्का, तुनी पोर डोकावर हंडा लिसन पळे, नि मनी पोर दोन पायऱ्या चढनी का बठी जाये. तुले ती गोरी दिसे. मना ते रोज तुनी पोरले देखीसन जीव जळे."